बाळंतविड्यातले आकडे

२,३०,६७६. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात बेबी वॉकरमुळे जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावी लागलेली, पंधरा महिन्यांच्या आतली अंदाजे इतकी मुलं. हा आकडा २०१८ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या ९०.६ टक्के मुलांना डोक्याला किंवा मानेला मार बसला होता. ७४.१ टक्के मुलं वॉकरसकट जिन्यावरून खाली आली होती.

आपल्याकडे हीच वस्तू बेबी शॉपच्या दर्शनी भागात मांडलेली असते. दुकानदार बटण दाबून तिचं संगीत वाजवून दाखवतो, आत्या-मामा आपसात वर्गणी काढतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाळाला तिच्यात बसवलं जातं. त्यामागचे हेतू दोन: बाळ लवकर चालायला शिकावं आणि आईचे हात थोडा वेळ मोकळे व्हावेत. दुसरा हेतू अगदी समजण्यासारखा आहे. पहिल्याचा हिशेब मात्र आकड्यांत उलटाच निघतो.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ साली आयर्लंडमधल्या १९० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉकरच्या दर २४ तासांच्या एकूण वापरामागे आधाराशिवाय उभं राहणं ३.७ दिवसांनी आणि एकट्याने चालणं ३.३ दिवसांनी लांबलेलं दिसलं. आपल्या घराला लावून पाहू. बाळ तीन महिने रोज एक तास वॉकरमध्ये असेल, तर झाले ९० तास, म्हणजे पावणेचार ‘दिवस’. त्याला ३.३ ने गुणलं की बारा दिवस येतात. बारा दिवस उशिराने चालल्यामुळे कोणाचं आयुष्य बिघडत नाही, आणि हा अभ्यास केवळ संबंध दाखवतो, वॉकरच कारण आहे हे सिद्ध करत नाही, हेही मान्य. पण ज्या कामासाठी वस्तू विकत घेतली ते काम ती करत नाही, एवढं म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

त्याचं कारण वॉकरच्या रचनेतच सापडतं. झोळीसारख्या बैठकीत बाळाचं वजन तोललं जातं, त्यामुळे पायांवर भार येत नाही. बाळ चवड्यांनी जमीन मागे ढकलतं आणि गाडी पुढे पळते. समोरच्या ट्रेमुळे त्याला स्वतःची पावलंही दिसत नाहीत. तोल सांभाळणं, पडणं, पडताना हात टेकणं, पुन्हा धरून उठणं, हे चालण्यातलं खरं शिक्षण वॉकर बाळाच्या वतीने स्वतःच उरकून टाकतो. बदल्यात वेग देतो: सेकंदाला तीन फुटांहून जास्त. म्हणून ‘आम्ही लक्ष ठेवतो’ हे उत्तर इथे चालत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे वॉकरचे बहुतेक अपघात मोठी माणसं पाहत असतानाच होतात. गॅसकडे वळलेली आई परत वळेपर्यंत गाडी उंबरठ्यापाशी पोचलेली असते.

कॅनडाने ७ एप्रिल २००४ रोजी वॉकरवर सरसकट बंदी घातली. विक्रीच नव्हे, जुना वॉकर कोणाला देऊन टाकणंही तिथे बेकायदा आहे. अमेरिकेने बंदी घातली नाही, रचना बदलायला लावली. पायरीच्या कडेला गाडी थांबलीच पाहिजे, अशा अटी आल्या. १९९० साली वर्षाला २०,६५० असलेल्या जखमा २००३ पर्यंत ३,२०१ वर आल्या, म्हणजे ८४.५ टक्के घट. २०१० साली मानक सक्तीचं झाल्यावर पुढच्या चार वर्षांत सरासरी आणखी २२.७ टक्क्यांनी उतरली. मानकांमुळे फरक पडतो, हे या उतरणीत स्पष्ट दिसतं. तरीही उरलेला आकडा हजारांत आहे, हेही दिसतं. आपल्याकडे वॉकरवर बंदी नाही, त्यामुळे निर्णय घरातच घ्यावा लागतो.

मराठी घरांना याचा पर्याय शोधायला लांब जावं लागत नाही. पांगुळगाडा होताच. तीन लाकडी चाकं, एक आडवी दांडी, बस्स. त्यात बसायला जागाच नसते. बाळाला आधी स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, दांडी धरावी लागते आणि स्वतःचं वजन स्वतःच पेलत पुढे रेटावं लागतं. थांबलं की गाडी थांबते, हात सुटला की बाळ बुडावर बसतं. परदेशी दुकानांत ‘पुश टॉय’ म्हणून मिळतं ते तत्त्वतः हेच. दोष यातही आहेत. हलका गाडा गुळगुळीत फरशीवर बाळाच्या पुढे निसटतो, मागच्या चाकांमधलं अंतर कमी असेल तर तो कलंडतो. चाकांना रबराची पट्टी असलेला, पायथा रुंद असलेला आणि जरा जड असलेला घ्यावा. जिन्याचं दार बंद ठेवणं यालाही लागू आहेच.

आणि घाई कशाची? जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतल्या निरोगी मुलांचा मागोवा घेऊन वाढीचे टप्पे मांडले. त्यात आपली दिल्लीही होती. एकट्याने चालण्याचा टप्पा ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही येतो. नऊ महिन्यांहून मोठी ही खिडकी आहे. आधाराशिवाय बसण्याची ३.८ ते ९.२ महिन्यांची. आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. शेजारचा नातू दहाव्या महिन्यात चालला आणि आपला चौदाव्यात, यात कोणत्याही वस्तूने भरून काढावी अशी तूट नसते. खिडकी ओलांडली तर मात्र बालरोगतज्ज्ञ गाठावा, दुकान नव्हे.

दुसरा महत्त्वाचा आकडा ३१.७ मिलिमीटरचा आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलांची खेळणी तपासायला जगभरच्या प्रयोगशाळांत एक छोटं नळकांडं वापरतात. त्याचा व्यास ३.१७ सेंटिमीटर, आणि तळ तिरका असल्यामुळे खोली एका बाजूला २.५४ तर दुसऱ्या बाजूला ५.७१ सेंटिमीटर. खेळणं, किंवा ते आपटून, पिळून, ओढून पाहिल्यावर सुटलेला तुकडा या नळकांड्यात पूर्ण मावला, तर खेळणं नापास. लहान मुलाच्या तोंड-घशाचा तो अंदाज आहे.

हे नळकांडं घरी नसतं, पण कॅरम असतो. नियमाप्रमाणे कॅरमच्या सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर असावा लागतो, म्हणजे जवळपास नळकांड्याएवढाच. सोंगटीएवढी किंवा तिच्याहून लहान कोणतीही वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाताशी नको, इतका सोपा नियम त्यातून निघतो. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे सहज नापास. गोट्या, बिट्ट्या, कानातलं, टेडीचा काचेचा डोळा, शेंगदाणा, सीताफळाची बी, सगळे नापास. चेंडूची कसोटी याहून कडक आहे, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते आणि बाजूने हवा जायला फट उरत नाही. तिथे मर्यादा ४४.५ मिलिमीटर. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. तोही नापास, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

खोक्यावरच्या ‘३+’ या खुणेचा अर्थ इथे लागतो. ‘आमचा दोन वर्षांचाच आहे, पण फार हुशार आहे हो’ असं म्हणत आजोबा तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असलेला ब्लॉक्सचा संच उचलतात. हुशारीचा यात काहीच संबंध नाही. ती खूण घशाच्या मापाची आहे, आणि हुशार मुलाचा घसा काही मोठा नसतो. फुग्याचं तर याहून बिकट. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा मऊ असल्याने कोणत्याही मापात बसत नाही. तो श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि घशाला चिकटतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा छापणं सक्तीचं आहे. आपल्याकडे पहिल्या वाढदिवसाला हॉलभर फुगे असतात आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांचे तुकडे जमिनीवर, रांगणाऱ्यांच्या उंचीवर.

गिळण्याच्या गोष्टींत एक वस्तू मात्र वेगळ्या वर्गात मोडते: वीस मिलिमीटर व्यासाची, नाण्यासारखी चपटी लिथियम बटण बॅटरी. ती गुदमरवण्यापेक्षा जाळते. अन्ननलिकेत अडकली की ओलाव्यामुळे तिच्यातून प्रवाह वाहू लागतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतलं अस्तर गंभीरपणे भाजू शकतं. ही बॅटरी गाडीच्या चावीत असते, वजनकाट्यात असते, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात असते आणि दिवाळीत घरोघरी येणाऱ्या बॅटरीच्या पणत्यांतही असते. ज्या खेळण्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूशिवाय नखाने उघडतं, ते घरात आणूच नये. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला न लावता थेट मोठं रुग्णालय गाठायचं आणि एक्स-रे काढायचा. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राचा सल्ला असा, की मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि घरात मध हाताशी असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधायला म्हणून मात्र थांबू नये. एका वर्षाच्या आत मध अजिबात नको, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. बारशाला मध चाटवणाऱ्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता बाजाराकडे. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून १२१ प्रकारची खेळणी उचलून तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के आयात खेळणी कसोटीत नापास झाली. नमुना लहान आणि एकाच शहराच्या आसपासचा, म्हणून ‘देशातली दोनतृतीयांश खेळणी धोकादायक’ असं वाक्य त्यातून काढू नये. पण सरकारने त्यातून धोरण काढलं. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. त्याच फेब्रुवारीत गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली. २०१४-१५ मध्ये ३३.२५ कोटी डॉलरची असलेली आयात २०२२-२३ मध्ये १५.८७ कोटींवर आली, तर निर्यात ९.६ कोटींवरून ३२.५ कोटींच्या पुढे गेली.

हे आकडे भाषणांत नेहमी येतात. ते व्यापाराचे आकडे आहेत, सुरक्षिततेचे नाहीत. आयात निम्म्यावर आली म्हणून बाळाच्या तोंडातला खुळखुळा सुरक्षित होत नाही. सुरक्षिततेची माहिती दुसऱ्या एका बातमीत होती: जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने सांगितलं, की महिनाभरात ४४ छापे घालून खूण नसलेली १८,६०० खेळणी जप्त केली. ती जत्रेतल्या पथारीवरची नव्हती. मॉल आणि विमानतळांवरच्या झगमगीत दुकानांतली होती.

तेव्हा खोकं हातात घेऊन वाचावं. आयएसआय चिन्हाच्या वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. चिन्हाखाली सीएम/एल अशी अक्षरं आणि परवान्याचा क्रमांक. नुसतं चिन्ह कोणीही छापू शकतो. क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला, की उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते कळतं. मिनिटभराचं काम आहे. खोक्यावर दुसरंच नाव असेल तर खेळणं जागेवर ठेवायचं. ‘सीई’ अशी दोन अक्षरं पाहून समाधान मानू नये. ती युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा असते.

सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांवर मात्र ही खूण दिसली नाही तर दचकायचं कारण नाही. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आदेशातून सूट आहे. सूट असली की पारखायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. रंग कोणता वापरला ते विचारावं, ओल्या पांढऱ्या कापडाने चोळून पाहावं, कडा आणि कुसळं बोटाने तपासावीत. लाकडी म्हणजे आपोआप निर्धोक, ही शहरी मध्यमवर्गाची नवी अंधश्रद्धा आहे. लाकडाला कोणी बोट दाखवत नाही; प्रश्न असतो तो त्यावरच्या रंगाचा.

रंगाचा प्रश्न म्हणजे शिशाचा. २०२० साली युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला. त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतात. अमेरिकेने २०२१ मध्ये सावधानतेची पातळी आणखी खाली, ३.५ वर आणली. सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं, आणि ते मेंदूच्या बांधणीच्या काळातच. हे सगळं शिसं खेळण्यांतून येतं असं नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे अड्डे, काही धातूची भांडी, भेसळीची पिवळीधमक हळद, बाजारातला सुरमा, अशी वाटेकऱ्यांची यादी लांब आहे. घरच्या रंगांतल्या शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे.

या तारखेमुळे एका लाडक्या वस्तूकडे पुन्हा पाहावं लागतं. घराण्यातला पाळणा. पणजोबांच्या वेळचा, शिसवी किंवा सागवानी, आणि दर पिढीला तेलरंगाचा नवा हात दिलेला. दात येण्याच्या वयात बाळ उभं राहून नेमकी वरची पट्टी चावतं. २०१७ च्या आधीचा रंग असेल आणि पापुद्रे सुटत असतील, तर पाळणा बारशापुरता ठेवावा. तो घरात खरवडू नये, त्या धुळीनेच जास्त अपाय होतो. मोजपट्टी घेऊन दोन गजांमधलं अंतरही पाहावं. अमेरिकी मानक ते सहा सेंटिमीटरपर्यंतच चालवून घेतं, कारण त्याहून रुंद फटीतून बाळाचं धड निसटतं आणि डोकं अडकतं. जुन्या पाळण्यांत ही फट हमखास जास्त भरते.

झोपेबद्दलचे आकडे सगळ्यांत बोलके आहेत. अमेरिकेत बाळांच्या अचानक, कारण न सापडणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण १९९० साली दर लाख जन्मांमागे १३०.३ होतं, २०२० साली ३८.४. मधल्या काळात कोणतं औषध निघालं नाही. ‘बाळाला पाठीवर झोपवा’ एवढं १९९४ पासून घरोघरी सांगितलं गेलं. या मृत्यूंची नोंद करण्याची पद्धत मधल्या वर्षांत बदलली, म्हणून सगळी घट त्या एका वाक्याच्या खात्यावर टाकता येत नाही. पण मोठा वाटा त्याचाच आहे. कुठलीही वस्तू विकत न घेता झालेली ही घट.

याच्या उलट उदाहरण एका वस्तूचं आहे. फिशर-प्राइसचा ‘रॉक अँड प्ले’ हा तिरका, झुलणारा झोपाळा २००९ पासून बाजारात होता. थकलेल्या पालकांत तो फार लोकप्रिय, कारण त्यात बाळं खरंच पटकन झोपत. एप्रिल २०१९ मध्ये ४७ लाख नग परत मागवले गेले. तोवर तीसहून जास्त मृत्यूंची नोंद होती. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा आवाहन करावं लागलं तेव्हा आकडा शंभराच्या आसपास होता. तिरक्या पृष्ठभागावर बाळाची हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि ते वळलं तर मान उचलायला बळ कमी पडतं. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने दहा अंशांहून जास्त कलाची झोपण्याची साधनं आणि पाळण्याच्या कडेला बांधायच्या मऊ गाद्या यांची विक्रीच बंद केली.

दहा अंश म्हणजे फार नाही. साठ सेंटिमीटर लांबीच्या गादीचं एक टोक साडेदहा सेंटिमीटर उचललं की झाले. आपल्याकडच्या बाळंतविड्यात याच्याशी संबंधित दोन-तीन गोष्टी असतात. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, चारी बाजूंनी लोड, वर जाळीची छत्री. छत्रीबद्दल तक्रार नाही, डास खरेच असतात. उशी आणि लोड मात्र पहिल्या वर्षात बिछान्यावर नकोत. डोक्याचा आकार उशीने सुधारत नाही. जागेपणी पालथं ठेवल्याने मागचा दाब कमी होतो. साडीच्या झोळीचा प्रश्न नाजूक आहे, कारण शेतावर, बांधकामावर राबणाऱ्या आईकडे तीच एक सुरक्षित जागा असते. तिला नावं ठेवण्याचा अधिकार फ्लॅटमधल्या लेखकांना नाही. हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, कापड नाकावर आलेलं नाही ना, हे पाहत राहायचं आणि रात्रीची झोप सपाट, घट्ट अंथरुणावर, एवढंच सांगता येतं.

वॉकर आणि तिरका झोपाळा दोन्ही बाळाचं काम परस्पर करून टाकतात, तोल सांभाळण्याचं किंवा झोपी जाण्याचं. विकासाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना हीच कसोटी लावली तर निकाल फारसा वेगळा येत नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासासाठी दहा ते सोळा महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे पालक यांचं घरातलं खेळणं ध्वनिमुद्रित केलं गेलं. बोलणारी, दिवे लागणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी हाती असताना पालक मिनिटाला सरासरी ३९.६ शब्द बोलले. ठोकळे, आकार बसवायचे डबे अशी साधी खेळणी असताना ५५.६. चित्रांची पुस्तकं असताना ६६.९. खेळणं बोलू लागलं की माणूस गप्प बसतो, असं ते दिसलं. रोज अर्धा तास धरला तर पुस्तक आणि बोलकं खेळणं यांतला फरक आठशेहून जास्त शब्दांचा होतो. २६ हा आकडा छोटा आहे, पण घरोघरचा अनुभव याच्याशी जुळतो. ‘ए फॉर ॲपल’ ओरडणारं यंत्र पुढ्यात असलं की आजी ‘अडगुलं मडगुलं’ म्हणायची थांबते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बारा ते अठरा महिन्यांच्या ७२ मुलांवर शब्द शिकवणाऱ्या डीव्हीडीची परीक्षा झाली. चार आठवडे पाहूनही ती मुलं न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यांत जास्त शिकली ती, ज्यांच्या आईवडिलांना शब्दांची यादी देऊन ‘तुमच्या पद्धतीने शिकवा’ एवढंच सांगितलं होतं. या अभ्यासातला मला सर्वांत आवडलेला निष्कर्ष पालकांविषयीचा आहे: ज्यांना स्वतःला डीव्हीडी आवडली, त्यांनाच मूल तिच्यातून पुष्कळ शिकल्यासारखं वाटलं. बेबी शॉपचा अर्धा धंदा यावर चालतो. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणते आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढा बरा. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांच्या आत फक्त अधूनमधून नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला सूट देते. लेक न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला असलेल्या घरांसाठी ही सूट मोलाची.

किती खेळणी, यालाही आकडा आहे. अठरा ते तीस महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पंधरा मिनिटं सोडलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून वाढदिवसाची बारा खोकी एकदम फोडू नयेत. आठ माळ्यावर टाकावीत आणि पंधरवड्याने अदलाबदल करावी. घरात शून्य रुपयांत मिळणाऱ्या वस्तूंचा संच तर सोन्यासारखा आहे: एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकणं, लाकडी रवी, फडक्यात गुंडाळलेली चाळणी, जुनं दुपटं. तोंडात बसेल असं काही नाही आणि धार नाही, एवढं पाहिलं की काम झालं. विकत घ्यायचंच तर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्यावीत. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांच्याकडे मराठीत चांगली चित्रपुस्तकं आहेत, आणि एका इलेक्ट्रॉनिक खेळण्याच्या किमतीत त्यातली बरीच येतात.

सहा महिन्यांखालच्या बाळाला याचीही गरज नाही. जमीन लागते. पहिल्या वर्षात, रांगायला लागेपर्यंत, जागेपणी दिवसभरात मिळून निदान तीस मिनिटं पालथं, आणि बाबागाडी, खुर्ची, बाउन्सर यांत एका वेळी तासाहून जास्त जखडून नाही, असं २०१९ च्या जागतिक मार्गदर्शिकेत आहे. एक घट्ट सतरंजी, समोर जमिनीवर आडवं झालेलं एक मोठं माणूस. इथेही ‘टमी टाइम’ची उशी विकली जाते. ती नसली तरी अडत नाही.

दुधाच्या बाटलीबद्दल एवढंच: भेट म्हणून बाटल्यांचा संच नेऊ नये. १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने दूधपावडर, बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या डबाबंद आहाराच्या जाहिरातींवर बंदी आहे. ज्या वस्तूची जाहिरात करायला संसदेने मनाई केली, ती रिबीन बांधून देण्यात औचित्य नाही. गरज पडलीच तर आई आणि डॉक्टर ठरवतील, आणि वाटी-चमचा असतोच.

शेवटी एक वस्तू, जी बाळंतविड्याच्या कोणत्याही यादीत नसते. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात बाळाचा पहिला प्रवास बहुधा स्कूटरवर होतो, आईच्या मांडीवर नाहीतर बाबांच्या पुढ्यात उभं राहून. केंद्राच्या नियमाप्रमाणे १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा आणि नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट सक्तीचं आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंतच. पट्टा हलका, लहानमोठा करता येणारा, पाण्याने न बिघडणारा आणि ३० किलो वजन पेलणारा हवा. चारचाकीत चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या हिशेबाने मोटारीतल्या बालआसनामुळे एका वर्षाखालच्या बाळांचे अपघाती मृत्यू ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचे ५४ टक्क्यांनी घटतात. आत्या, मामा आणि काकू वॉकरसाठी वर्गणी काढायला बसतील तेव्हा त्याच पैशांत पट्टा आणि छोटं हेल्मेट येतं का, ते विचारून पाहावं. हेल्मेट दुकानात डोक्यावर घालूनच घ्यायचं, वाढत्या अंगाचं नाही. कपाळावर दोन बोटांहून वर सरकत असेल तर एक माप लहान मागायचं.